सिलिंडर वजनावर, सीएनजी काट्यावर : ‘रिअल गॅस’ का शिकवायचा?



अकरावीच्या रसायनशास्त्रातला एक धडा हळूहळू मुलांच्या हातातून निसटत चालला आहे. २०२२-२३ मध्ये अभ्यासक्रमाचा भार कमी करताना एनसीईआरटीने अकरावीच्या पुस्तकातून ‘पदार्थाच्या अवस्था’ हा पूर्ण धडाच काढून टाकला. पुढे २०२४ साठी जेईई मेन आणि नीटचे अभ्यासक्रम नव्याने जाहीर झाले, त्यातूनही तो गेला. बालभारतीच्या २०१९ च्या पुस्तकात हा धडा आहे. पण परीक्षेत ज्याला वजन नाही तो धडा वर्गात कसा शिकवला जातो हे आपल्याला माहीत आहे. बॉईल, चार्ल्स, दोन गणितं, आणि ‘रिअल गॅस घरी वाचा’. मुलं घरी वाचत नाहीत, हेही आपल्याला माहीत आहे.

या लेखात मला त्या ‘घरी वाचा’ भागाची बाजू मांडायची आहे. माझं मत असं, की वायूंच्या धड्यात शिकवण्यासारखं सगळ्यात मोलाचं जे आहे ते याच शेवटच्या भागात आहे. वेळ कमी असेल तर सुरुवातीचा भाग आटोपता घ्या, पण रिअल गॅस, म्हणजे वास्तव वायू, सोडू नका. का, ते सांगते.

एक गणित, जे साफ चुकतं

आपल्या घरातला गॅस सिलिंडर घ्या. त्यात १४.२ किलो एलपीजी असतो आणि सिलिंडरचं आतलं आकारमान साधारण ३३ लिटर असतं. सोपं जावं म्हणून आत सगळा ब्युटेनच आहे असं धरू. ब्युटेनचा एक मोल ५८ ग्रॅमचा, म्हणजे आत सुमारे २४५ मोल झाले. तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन. आता मुलांना पाठ असलेलं सूत्र लावा : पीव्ही बरोबर एनआरटी. उत्तर येतं हवेच्या दाबाच्या सुमारे १८० पट.

वर्गातली हुशार मुलं हे उत्तर दोन मिनिटांत काढतात. आकडेमोड बरोबर, एककं बरोबर, पैकीच्या पैकी गुण. फक्त एवढंच, की सिलिंडरमध्ये असा दाब कधीच नसतो. २७ अंशांना शुद्ध ब्युटेनचा दाब हवेच्या दाबाच्या अडीच पट असतो, शुद्ध प्रोपेनचा साधारण दहा पट. आपला एलपीजी या दोघांचं मिश्रण, म्हणून त्याचा दाब या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी पडतो. कुठे १८० आणि कुठे दहाच्या आत! दोन-चार टक्क्यांची चूक असती तर सोडून दिली असती. इथे सूत्राने दिलेलं उत्तर अठरा पटींहूनही जास्त चुकलेलं आहे.

कारण मुलांनाही माहीत असतं, फक्त ते सूत्राशी जोडलेलं नसतं. सिलिंडर हलवला की आत काहीतरी डुचमळतं. आतला बहुतेक ‘गॅस’ हा गॅस नसून द्रव आहे. सूत्राला मात्र द्रव नावाची गोष्टच माहीत नाही. त्याच्या लेखी वायू कितीही दाबा, कितीही थंड करा, तो वायूच राहणार. ज्या सूत्रात पाऊस पडू शकत नाही, दव पडू शकत नाही, त्या सूत्राला आपण ‘वायूंचा नियम’ म्हणून शिकवतो आणि पुढे जातो.

माझा आक्षेप सूत्रावर नाही. ते सुंदर आहे आणि रोजच्या हवेला ते उत्तम लागू पडतं. आक्षेप एवढाच, की ते कुठपर्यंत चालतं हे आपण सांगत नाही. मुलगा गणित सोडवायला शिकतो, पण ‘हे सूत्र इथे लावू का?’ हा प्रश्न विचारायला शिकत नाही. पुढे तो डॉक्टर होवो, इंजिनिअर होवो किंवा दुकान टाको, हा दुसरा प्रश्नच त्याला जास्त उपयोगी पडणार आहे.

एका शाळामास्तरांची गोष्ट

ही अडचण ज्यांनी सोडवली ते योहानस व्हान डर वाल्स आपल्याच व्यवसायातले होते. १८३७ साली नेदरलँड्समधल्या लायडेन गावात एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. भावंडं दहा, हे सगळ्यात थोरले. घरच्या परिस्थितीमुळे ते आधी प्राथमिक शाळेत शिक्षक झाले आणि नंतर माध्यमिक शाळेत. विद्यापीठाच्या परीक्षेला बसायला लॅटिन-ग्रीक यावं लागे आणि ते त्यांना शिकायला मिळालं नव्हतं. पुढे नियम बदलला, सवलत मिळाली आणि १८७३ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय होता वायू आणि द्रव या अवस्थांमधलं सातत्य. प्रबंध डच भाषेत होता. तो वाचून मॅक्सवेलसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने लिहिलं, की या कामामुळे अनेक अभ्यासकांचं लक्ष डच भाषा शिकण्याकडे वळलं आहे. १९१० मध्ये याच कामासाठी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मातृभाषेत विज्ञान लिहिलं तर जग वाचत नाही, असं म्हणणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

त्यांनी केलं काय? आदर्श वायूच्या सूत्रात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : रेणूंना स्वतःचं आकारमान नाही आणि रेणू एकमेकांना ओढत नाहीत. व्हान डर वाल्स यांनी या दोन्ही गोष्टी सरळ दुरुस्त केल्या. वर्गात मी त्या अशा सांगते.

पहिली दुरुस्ती आकारमानाची. शाळेच्या मोठ्या मैदानावर चारच मुलं खेळत असतील तर कोण जाड, कोण बारीक याने काही फरक पडत नाही. पण सकाळी आठच्या लोकलच्या डब्यात? तिथे प्रत्येकाचं आकारमान मोजावं लागतं. हालचालीला खरी जागा उरते ती डब्याची जागा वजा माणसांनी व्यापलेली जागा. सूत्रातला ‘बी’ म्हणजे ही वजाबाकी.

दुसरी दुरुस्ती दाबाची. रेणू भिंतीवर जाऊन आदळतात त्याला आपण दाब म्हणतो. सुट्टीची घंटा झाली, मुलगा दाराकडे धावला, पण मागून मित्राने दप्तर धरून ओढलं. तो दारापर्यंत पोचेल, पण त्याचा धक्का हलका असेल. भिंतीजवळच्या रेणूला मागचे रेणू असंच मागे ओढतात, म्हणून मोजलेला दाब आदर्श दाबापेक्षा कमी भरतो. तो आदर्श सूत्रात बसवायचा तर कमी पडलेला भाग त्यात मिळवावा लागतो. ‘ही दुरुस्ती अधिक का?’ हा मुलांचा नेहमीचा गोंधळ इथे सुटतो. आणि दाटीचा वर्ग का, तर आदळणारे रेणूही दाटीच्या प्रमाणात आणि ओढणारेही दाटीच्या प्रमाणात. सूत्रातला ‘ए’ इथून येतो.

आता आकडे पाहू. कार्बन डायऑक्साइडचा एक मोल, ३०० केल्व्हिन. साध्या हवेच्या दाबाला तो साडेचोवीस लिटर जागा घेतो. त्याचा ‘बी’ आहे ०.०४३ लिटर, म्हणजे एक टक्क्याचा पाचवा हिस्साही नाही. इथे दुरुस्ती विसरलात तरी चालेल. हाच मोल अर्ध्या लिटरमध्ये कोंबा. आदर्श सूत्र सांगतं दाब ४९ पट. व्हान डर वाल्स यांचं सूत्र सांगतं साडेएकोणचाळीस पट. प्रत्यक्ष मोजमाप या दुसऱ्या आकड्याच्या जवळ येतं. सूत्र कधी चालतं आणि कधी चालत नाही, हे एवढ्या एका उदाहरणात कळतं.

काटा कुठे आणि वजनकाटा कुठे

व्हान डर वाल्स यांच्या आधी, १८६९ मध्ये, बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्यांना दिसलं, की ३१ अंश सेल्सिअसच्या खाली हा वायू दाबला की त्याचा द्रव होतो. त्याच्या वर मात्र कितीही दाबा, द्रवाचा वेगळा थर दिसतच नाही. या सीमेला आपण क्रांतिक तापमान म्हणतो. प्रत्येक पदार्थाचं ते वेगळं असतं.

पाठ्यपुस्तकात ही व्याख्या एका ओळीची आहे. पण आपल्या भोवतीचं केवढं जग त्या ओळीवर चाललंय ते बघा.

प्रोपेनचं क्रांतिक तापमान ९७ अंश, ब्युटेनचं १५२ अंश. आपलं स्वयंपाकघर याच्या कितीतरी खाली आहे, म्हणून एलपीजी नुसत्या दाबाने द्रव होतो आणि पातळ पत्र्याच्या सिलिंडरमध्ये महिन्या-दीड महिन्याचा गॅस मावतो. मिथेनचं क्रांतिक तापमान उणे ८३ अंश. म्हणून सीएनजी आपल्या हवेत नुसत्या दाबाने कधीही द्रव होणार नाही. त्याला वायूच्या रूपातच हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबावा लागतो आणि त्यासाठी जाड, जड टाकी लागते. रिक्षाच्या मागच्या टाकीचा आकार आणि वजन ठरवणारा आकडा हा आहे.

आता मुलांना आवडणारा प्रश्न. सीएनजीच्या गाडीत गॅस किती उरला हे काटा दाखवतो. मग घरच्या सिलिंडरला तसा दाबाचा काटा का नसतो? कारण तो काही उपयोगाचा नाही. आत द्रव आहे तोवर जेवढा गॅस बाहेर जातो तेवढा द्रव वाफ होऊन जागा भरून काढतो आणि तापमान तेच असेल तर दाबही तोच राहतो. सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला, काटा एकच आकडा दाखवणार. द्रव संपला की मात्र दाब भराभर उतरतो आणि नेमका पाहुणे आलेले असताना गॅस जातो! म्हणून एलपीजी वजनावर तपासायचा. कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक नळकांड्यालाही काटा नसतो, तेही वजन करूनच तपासतात. कारण तेच.

त्या नळकांड्याची आणखी एक गंमत. हिवाळ्यात नाशिकला त्याच्या आत द्रव आणि वर वाफ असते. मे महिन्यात चंद्रपूरला, पारा ४५ वर असताना, आत द्रवाचा वेगळा थर शिल्लकच राहत नाही, कारण ३१ ची सीमा ओलांडलेली असते. नळकांडं तेच, वस्तू तीच, अवस्था मात्र निराळी. म्हणूनच ते उन्हात ठेवायचं नसतं.

आणि ऑक्सिजन. त्याचं क्रांतिक तापमान उणे ११९ अंश. रुग्णालयातल्या साध्या सिलिंडरमध्ये तो वायू म्हणूनच दाबून भरलेला असतो. मोठ्या प्रमाणात न्यायचा तर आधी उणे १८३ अंशांपर्यंत थंड करून द्रव करावा लागतो. एक लिटर द्रवातून खोलीच्या तापमानाला साडेआठशे लिटरच्या आसपास वायू मिळतो. एप्रिल २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून महाराष्ट्रात रेल्वेने जे टँकर आले ते हेच, थर्मासच्या बाटलीसारखे दुहेरी भिंतींचे. ‘ऑक्सिजन आहे पण टँकर नाहीत’ हे वाक्य तेव्हा आपण रोज ऐकत होतो. त्या वाक्यामागचं विज्ञान अकरावीच्या याच धड्यात होतं. पुढच्याच वर्षी तो धडा भार म्हणून काढला गेला, याचं मला वाईट वाटतं.

टक्केवारीची युक्ती

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. इथपर्यंत ऐकून मुलं म्हणतील, ‘मॅडम, मग प्रत्येक वायूचा वेगळा नियम पाठ करायचा का?’ प्रश्न योग्य आहे. प्रत्येक वायूचा ‘ए’ वेगळा, ‘बी’ वेगळा, क्रांतिक तापमान वेगळं. एक सोपा नियम गेला आणि शंभर अवघड नियम आले, असं वाटतं. इथे धडा सोडला तर मुलांच्या हाती फक्त ‘विज्ञानात सगळ्याला अपवाद असतात’ एवढं उरतं.

१८८० मध्ये व्हान डर वाल्स यांनी याचं उत्तर दिलं. ते समजायला शिक्षकापेक्षा योग्य माणूस नाही, कारण ही युक्ती आपण रोज वापरतो. एका मुलाला ५० पैकी ४० मिळाले, दुसऱ्याला १०० पैकी ८०. दोघं सारखेच, हे आपण टक्के काढून सांगतो. वायूंचंही तसंच करा. तापमान केल्व्हिनमध्ये घ्या आणि त्याला त्या वायूच्या स्वतःच्या क्रांतिक तापमानाने भागा. दाबाला त्याच्या स्वतःच्या क्रांतिक दाबाने भागा. हे झाले रिड्यूस्ड तापमान आणि रिड्यूस्ड दाब. या मापाने मोजले की वेगवेगळे वायू जवळजवळ सारखे वागतात. याला अनुरूप अवस्थांचं तत्त्व म्हणतात. सूत्रात ही मापं घातली की ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही गळून पडतात आणि सगळ्यांसाठी एकच समीकरण उरतं.

खात्री करून घेऊ. रिड्यूस्ड तापमान दीड आणि रिड्यूस्ड दाब एक धरू. नायट्रोजनसाठी याचा अर्थ उणे ८४ अंश आणि ३४ बार. मिथेनसाठी १३ अंश आणि ४६ बार. कार्बन डायऑक्साइडसाठी १८३ अंश आणि ७४ बार. तीन अगदी वेगळ्या परिस्थिती. आता पाहायचं, की प्रत्यक्ष आकारमान हे आदर्श आकारमानाच्या किती पट भरतं. यालाच संपीड्यता गुणांक म्हणतात. तिघांचाही आकडा ०.९१ च्या आसपास येतो. तीन वायू, तीन हवामानं, वागणूक एक!

हे तत्त्व नुसतं देखणं नाही, कामाचंही आहे. शंभर वायूंचे शंभर तक्ते न छापता एका आलेखावर इंजिनिअर काम भागवतात. रिक्षातला सीएनजीच घ्या. ३०० केल्व्हिनला मिथेनचं रिड्यूस्ड तापमान येतं १.५७. २०० बारच्या टाकीत आदर्श सूत्राच्या हिशेबापेक्षा साधारण १५ ते २० टक्के जास्त मिथेन मावतो, हे त्या आलेखावरून मिथेनवर एकही प्रयोग न करता सांगता येतं.

याच तत्त्वाच्या आधारावर लायडेनमध्ये कॅमरलिंग ओनेस हेलियमच्या मागे लागले. तोवर हेलियम द्रव झालेला कोणी पाहिला नव्हता. पण वायुरूपातल्या मोजमापांवरून त्याचं क्रांतिक तापमान ५-६ केल्व्हिन असावं, असा अंदाज त्यांनी बांधला. किती थंड करायचं हे कळल्यावरच तसं यंत्र उभारता येतं. १० जुलै १९०८ रोजी हेलियम द्रव झाला. क्रांतिक तापमान निघालं ५.२ केल्व्हिन. न पाहिलेल्या गोष्टीचा पत्ता आधी कागदावर सापडला होता.

जिथे टक्केवारीही फसते

तत्त्व शिकवायचं तर त्याच्या मर्यादाही शिकवायच्या, नाहीतर आपण पुन्हा पीव्ही बरोबर एनआरटीच्याच वाटेने गेलो.

व्हान डर वाल्स यांच्या सूत्रानुसार क्रांतिक बिंदूवर प्रत्येक वायूचा संपीड्यता गुणांक ०.३७५ यायला हवा. प्रत्यक्षात आर्गॉन, नायट्रोजन, ऑक्सिजन तिघांचाही सुमारे ०.२९ येतो. म्हणजे सूत्राचा आकडा चुकला. पण ‘सगळ्यांचा आकडा एकच असेल’ ही मूळ कल्पना या तिघांच्या बाबतीत खरी ठरली! एखाद्या सिद्धांताचा आकडा चुकतो आणि तरीही त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं. हे मुलांना दाखवायला इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पुढे कार्बन डायऑक्साइड ०.२७ वर येतो आणि पाणी तर ०.२३ वर. पाणी का बिघडलं? कारण त्याचे रेणू गोल, अलिप्त चेंडू नाहीत. एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण, त्यात हायड्रोजन बंध. अमोनियाचंही तसंच. दुसऱ्या टोकाला हायड्रोजन आणि हेलियम. ते इतके हलके, की अतिथंड तापमानाला पुंजभौतिकीचे नियम मधे येतात. म्हणजे जो वायू रांगेतून बाहेर पडतो तो काहीतरी सांगत असतो. १९५५ मध्ये पिट्झर यांनी रेणूच्या आकाराचा हिशेब ठेवणारा तिसरा आकडा या तत्त्वात जोडला आणि हा फरक बराचसा भरून काढला.

सगळा धडा असा पायऱ्या-पायऱ्यांनी उभा राहतो. साधा नियम, तो मोडतो ती जागा, मोडण्याचं कारण, त्यातून निघालेला जास्त खोल नियम, आणि तोही कुठे थांबतो ते. विज्ञान म्हणजे काय हे मला दोन तासांत दाखवायला सांगितलं, तर मी हाच धडा निवडेन.

‘पण वेळ कुठे आहे?’

माझ्या सहकाऱ्यांचे तीन आक्षेप मी नेहमी ऐकते.

पहिला, हे परीक्षेत येत नाही. मान्य. पण उष्मागतिकी परीक्षेत आहे, रासायनिक समतोल आहे, रेणूंमधली आकर्षणं आहेत. फ्रीज कसा थंड करतो, उकळबिंदू वरखाली का होतात, हे सगळं या धड्यावर उभं आहे. पाया काढला की वरचं पाठांतर वाढतं. भार कमी होत नाही, फक्त जागा बदलतो.

दुसरा, मुलं गोंधळतात. गोंधळतात खरी. पण ‘सूत्राने १८० दिलं आणि प्रत्यक्षात दहाच्या आत’ हा गोंधळ चांगला आहे. त्याने मुलगा विचार करतो. व्हान डर वाल्स यांचं समीकरण फळ्यावर लिहून ‘ए आणि बी हे स्थिरांक’ एवढंच सांगितलं, तर होणारा गोंधळ वाईट. त्याने मुलगा फक्त वही भरतो.

तिसरा, प्रयोगशाळा नाही. लागतच नाही. फळ्यावर एवढा तक्ता लिहा. आधी उकळबिंदू, मग क्रांतिक तापमान, दोन्ही केल्व्हिनमध्ये.

नायट्रोजन : ७७ आणि १२६
आर्गॉन : ८७ आणि १५१
ऑक्सिजन : ९० आणि १५५
मिथेन : ११२ आणि १९१
प्रोपेन : २३१ आणि ३७०
ब्युटेन : २७३ आणि ४२५
पाणी : ३७३ आणि ६४७
हेलियम : ४.२ आणि ५.२

मुलांना पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायला सांगा, दुसरं काही बोलू नका. हेलियम सोडून सगळी उत्तरं ०.५८ ते ०.६४ मध्ये येतील. ७७ केल्व्हिनला उकळणारा नायट्रोजन आणि ३७३ ला उकळणारं पाणी एकाच पट्ट्यात! काटेकोर पाहिलं तर इथे सगळ्यांचा रिड्यूस्ड दाब सारखा नाही, म्हणून हे तत्त्वाचं ढोबळ रूप आहे, तेही मुलांना सांगा. मग विचारा, हेलियमच एकटा ०.८१ वर का? आणि वर बिघडलेलं पाणी इथे रांगेत कसं आलं? उत्तर लगेच देऊ नका. एक दिवस प्रश्न त्यांच्याबरोबर घरी जाऊ द्या.

माझं नियोजन तीन तासिकांचं आहे. पहिलीत सिलिंडरचं गणित आणि दोन दुरुस्त्या. दुसरीत क्रांतिक तापमान : एलपीजी, सीएनजी, ऑक्सिजन. तिसरीत हा तक्ता आणि टक्केवारीची युक्ती. तीन तासिका काही फार नाहीत.

पालकांसाठीही एक काम आहे, आणि त्याला रसायनशास्त्र यावं लागत नाही. सिलिंडरवरून उभं एक ओलं फडकं फिरवा आणि मुलांना थोडा वेळ निरीक्षण करायला सांगा. द्रव असलेला खालचा भाग उशिरा सुकतो, वरचा रिकामा भाग आधी सुकतो. ओल जिथे टिकते तिथपर्यंत गॅस. कितीतरी घरांत हे पूर्वापार करतात. सिलिंडर तापवणं, आडवा करणं, रेग्युलेटरशी खेळणं मात्र मुळीच नको. मग फक्त एवढंच विचारा : ‘आत गॅस आहे म्हणतोस, मग ही पाण्यासारखी रेषा कशाची?’

मूल काय उत्तर देतं ते ऐका. ‘सर म्हणाले पीव्ही बरोबर एनआरटी’ असं म्हणालं, तर त्याच्या शिक्षकांना हा लेख पाठवा. आणि ‘थांब, बघून सांगतो’ म्हणालं, तर तिसरी तासिका त्याने घरीच पूर्ण केली असं समजा.